शब्दांचीं कुळें : ‘बेअर’

गेल्या महिन्यांत आमच्या घरीं अर्ध्या गुणावरून मोठा वाद माजला. धाकट्या बंधूंची नात यंदा नववीच्या वर्गांत आहे. ‘माझी पणजी’ ह्या विषयावर तिनें इंग्रजींत निबंध लिहिला आणि त्यांत, पणजीनें सात मुलांना जन्म दिला, अशा अर्थाचें एक वाक्य घातलें. त्या वाक्यांतील ‘बॉर्न’ ह्या शब्दाखालीं तिच्या शाळेंतील बाईंनीं तांबडी रेघ ओढून अर्धा गुण कापला. शब्द तोच, काळ तोच, उच्चार तोच. मग चूक ती कोणती? घरांत तत्काळ दोन तट पडले. काकूनें बाईंचा पक्ष घेतला, वडिलांनीं मुलीचा. आणि प्रकरण नेहमींप्रमाणें ओसरीवर माझ्यापुढें निवाड्यास आलें. मीं चष्मा लावून वही पाहिली. चूक होती. ‘बॉर्न’च्या शेवटीं एक ‘ई’ हवा होता.

चूक दाखविणें सोपें असतें. ती चूक कां, हें सांगतांना सांगणाराची परीक्षा होते. नातीस समजावून देण्याच्या निमित्तानें ह्या क्रियापदाच्या कुळांत मला पुन्हा शिरावें लागलें, आणि तेथें हिंडतां हिंडतां चाळीस वर्षांपूर्वीं मींच ओढलेली एक तांबडी रेघ आठवली. तिच्याविषयीं शेवटीं सांगेन. आधीं क्रियापद.

‘बेअर’ ह्याचा मूळ अर्थ वाहणें. भार अंगावर घेऊन तो नेणें. हजार वर्षांपूर्वींच्या इंग्रजींत ह्याचें रूप ‘बेरन’ असें होतें. गॉथिक ही इंग्रजीची आतां नामशेष झालेली नातलग भाषा. चौथ्या शतकांत वुल्फिला नांवाच्या बिशपानें त्या भाषेंत बायबल उतरविलें, त्यांतही किंचित् स्वरभेदानें हेंच क्रियापद आढळतें. ‘मी वाहतों’ असें म्हणावयाचें झाल्यास ग्रीक मनुष्य ‘फेरो’ म्हणे, रोमन मनुष्यही ‘फेरो’च म्हणे, आणि आपले पूर्वज म्हणत ‘भरामि’. आपल्या धातुपाठांत हा भृ धातु दोन गणांत येतो. भ्वादिगणांत त्याचें ‘भरति’ होतें, तर जुहोत्यादिगणांत द्वित्व होऊन ‘बिभर्ति’. आणि त्या दुसऱ्या ठिकाणीं धारण करणें व पोषण करणें असे दोन्ही अर्थ दिलेले आहेत. ज्याला उचलावयाचें त्याला पोसावयाचेंही, ही कल्पना ह्या धातूच्या पोटांतच आहे.

हें वाचून कित्येकांस वाटेल कीं, पहा, इंग्रजी ही संस्कृतांतूनच निघाली! मला स्वतःलाही तरुणपणीं असें म्हणण्याची फार हौस होती. परंतु वस्तुस्थिति तशी नाहीं. सर विल्यम जोन्स ह्यांनीं १७८६ सालीं कलकत्त्यास एशियाटिक सोसायटीपुढें जें व्याख्यान दिलें त्यांतच त्यांनीं सांगून टाकलें होतें कीं, संस्कृत, ग्रीक व लॅटिन ह्या कोण्या एका मूळ भाषेच्या लेकी असाव्यात, आणि ती मूळ भाषा कदाचित् आतां उरलेली नसावी. तेव्हां ‘भरति’ आणि ‘बेअर’ हीं बापलेक नव्हेत, चुलत भावंडें आहेत; पणजोबा एक, बिऱ्हाडें निराळीं. याकोब ग्रिम ह्या जर्मन पंडितानें १८२२ सालीं ह्या भाऊबंदकीचा नियमही मांडून दाखविला. संस्कृतांत जेथें भकार, तेथें इंग्रजींत बकार. भ्रातृ तो ‘ब्रदर’, भ्रू ती ‘ब्राउ’, भू तें ‘बी’, तसेंच भृ तें ‘बेअर’. हा नियम कळला म्हणजे मग केवळ कानाला सारखे वाटणारे शब्द जोडीत बसण्याचा मोह आपोआप कमी होतो.

“मग अस्वलाला ‘बेअर’ कां म्हणतात? तें काय वाहतें?” असें नातीनें मध्येंच विचारलें. तें कांहींच वाहत नाहीं. तो शब्द अगदीं निराळा. अस्वलाचें खरें जुनें नांव आपल्याकडे ऋक्ष, ग्रीकांत आर्क्टोस, लॅटिनांत उर्सुस, तिन्ही एकच. उत्तरेकडील रानांत राहणाऱ्या लोकांनीं मात्र तें नांव टाकून दिलें आणि त्या जनावराला नुसतें ‘तपकिरी’ म्हणूं लागले, असें पुष्कळ पंडितांचें मत आहे. नांव घेतलें तर तें समोर येऊन उभें राहील, ही भीति! आमच्या कोंकणांत रात्रीं सापाचें नांव घेत नाहींत, ‘लांबडें’ म्हणतात, त्यांतलाच हा प्रकार. असो; आपण भृ धातूकडे वळूं.

संस्कृत शिकलेल्यास ह्या इंग्रजी क्रियापदांत खरी मौज वाटते ती त्याच्या रूपांची. वर्तमानकाळीं ‘बेअर’, भूतकाळीं ‘बोअर’, आणि धातुसाधित ‘बॉर्न’. इंग्रजीचे मास्तर अशा क्रियापदांस अनियमित म्हणतात आणि पोरांकडून तीं घोकून घेतात. मींही घेतलीं आहेत. परंतु भरति, बभार, भृत हीं रूपें शेजारीं मांडून पहा. एके ठिकाणीं गुण, दुसऱ्या ठिकाणीं वृद्धि, तिसऱ्या ठिकाणीं दोन्ही नाहींत, मूळ ऋकार तसाच. इंग्रजींतील स्वरांचा हा पालट म्हणजे आपल्या गुणवृद्धीचाच भाऊबंद होय. ‘बॉर्न’ आणि ‘भृत’ हीं एकाच पायरीवरचीं रूपें आहेत. प्रत्यय तेवढा निराळा. आपण भृतास ‘त’ लावला, त्यांनीं ‘न’ लावला. पण भिन्न, छिन्न, पूर्ण ह्या शब्दांत आपणही ‘न’ लावतोंच कीं! भूतकाळाच्या ‘बोअर’ ह्या रूपाचा इतिहास मात्र थोडा बिघडलेला आहे. १६११ सालच्या इंग्रजी बायबलांत भूतकाळीं अकारयुक्त जुनें रूपच सर्रास येतें. धातुसाधितांतील ओकार पुढें भूतकाळांतही शिरला आणि तेथेंच घर करून राहिला.

ह्या धातूपासून इंग्रजींत निघालेलीं नामें पाहिलीं म्हणजे मनुष्याचा सगळा जन्म डोळ्यांपुढून जातो. ‘बर्थ’ म्हणजे जन्म, तो ह्याचाच. आपला ‘भृति’ हा शब्द अगदीं त्याच घडणीचा. मात्र आपल्याकडे त्याचा अर्थ पोषण आणि त्यावरून मजुरी असा झाला. ‘बर्डन’ म्हणजे ओझें, तेंही ह्याचेंच. ‘बॅरो’ म्हणजे ओझें नेण्याचें साधन, बागेंतल्या हातगाडीच्या नांवांत तें अजून आहे. आणि ‘बीअर’ म्हणजे ज्यावर प्रेत ठेवून नेतात ती तिरडी, तीही ह्याच क्रियापदाची. आईच्या उदरापासून चौघांच्या खांद्यापर्यंत एक धातु पुरतो.

आपल्याकडील कुटुंबही लहान नाहीं. भार, भारा, संभार, आभार, भरण हे उघडच दिसतात. भरत आणि त्यावरून भारत हीं नांवें ह्याच धातूशीं जोडतात. विश्वंभर, शाकंभरी ह्या देवदेवतांच्या नांवांतील उत्तरपद ग्रीक भाषेंत ‘फोरोस’ असें होतें. रसायनशाळेंतला ‘फॉस्फरस’ म्हणजे प्रकाशंभर! लॅटिनानें ह्याला उपसर्ग लावून जो पसारा मांडला तो तर आपल्या प्रहार-आहार-संहाराच्या तोडीचा आहे. ‘रेफर’, ‘प्रिफर’, ‘ऑफर’, ‘डिफर’, ‘ट्रान्स्फर’, आणि खालीं राहून भार सोसणें तें ‘सफर’. ह्या लॅटिन क्रियापदाला भूतकाळाचें रूप स्वतःचें नव्हतें. तें त्यानें आपल्या ‘तुला’ शब्दाच्या धातूकडून उसनें घेतलें. कर्मणि धातुसाधितही उसनेंच, आणि त्यावरून ‘ट्रान्स्लेट’ आला. म्हणजे बदली होणें आणि भाषांतर करणें हीं इंग्रजींत एकाच क्रियापदाचीं दोन रूपें आहेत. बदलीच्या नोकरींत ज्यांनीं उभा जन्म काढला त्यांस हें पटण्यास हरकत नसावी.

भर्ता आणि भार्या हे दोन शब्द मात्र मला थांबवितात. भरण करणारा तो भर्ता, जिचें भरण करावयाचें ती भार्या. आणि ज्याचें भरण करावयाचें तो चाकर, तो भृत्य. प्रत्ययांचा भेद सोडला तर भार्या आणि भृत्य एकाच अर्थाचे. व्याकरण म्हणून हें निर्दोष आहे. घरोघरीं तें तसेंच जुळतें कीं नाहीं, हें वाचकभगिनींनीं ठरवावें.

आतां इंग्रजींतील वापर. नॉर्मन लोकांनीं १०६६ सालीं इंग्लंड जिंकलें, आणि पुढें त्यांच्या फ्रेंच बोलीचे शेंकडों शब्द इंग्रजींत शिरले. त्यांत चौदाव्या शतकाच्या सुमारास ‘कॅरी’ हें क्रियापद आलें. त्याचा मूळ अर्थ गाडींतून नेणें. ‘कार’ आणि ‘कॅरी’ एकाच घरचीं. ह्या पाहुण्यानें हळूहळू रोजचें वाहण्याचें काम सगळें आपल्याकडे घेतलें. पिशवी, दप्तर, पेटी, लाकडें, सर्व ‘कॅरी’ करावयाचीं. मूळच्या ‘बेअर’ला सोवळ्यांतलीं कामें उरलीं. शस्त्र धारण करणें, साक्ष देणें, नांव धारण करणें, खर्च सोसणें, झाडानें फळ धरणें, ध्यानांत ठेवणें, ह्या ठिकाणीं आजही ‘बेअर’च लागतो. मराठींत ह्यांपैकीं बऱ्याच जागीं आपण भृ सोडून धृ धातु वापरतों हें लक्षांत घेण्याजोगें आहे. झाड फळ ‘धरतें’. आणि आपल्या नोटेवर इंग्रजींत ज्याला ‘बेअरर’ म्हणून पैसे देण्याचें वचन असतें त्यालाच हिंदींत ‘धारक’ म्हटलेलें असतें. (एक रुपयाच्या नोटेवर तें वचन नसतें, ती नोट रिझर्व्ह बँकेची नसून सरकारची असते.) टपालखात्यांत तिकीट न लावलेल्या पत्राला ‘बेअरिंग’ म्हणत, कारण त्याचा आकार घेणाराच्या माथीं बसे, त्याचेंच हिंदींत ‘बैरंग’ झालें.

सोसणें हा अर्थ सर्वांत अधिक वापरांत आहे, आणि त्यांत आमचे विद्यार्थी चुकतातही अधिक. ह्या अर्थीं तें बहुधा ‘कॅन’बरोबर आणि नकारांतच शोभतें: मला हा उकाडा सोसवत नाहीं, मला त्याचा आवाज सोसवत नाहीं. आपल्या ‘सोसवत नाहीं’ ह्या शक्यार्थक रूपाशीं तें नेमकें जुळतें. ‘विथ’ जोडलें म्हणजे दुसऱ्यासाठीं धीर धरणें, थोडें सांभाळून घेणें. हा लांबलेला लेख वाचतांना आपण जें करीत आहां तेंच तें.

राहिला तो ‘ई’. सोसणें, वाहणें, नेणें ह्या सर्व अर्थीं धातुसाधित लिहितांना शेवटीं ‘ई’ हवाच. पाण्यावाटे पसरणाऱ्या रोगांना ‘वॉटरबोर्न’ म्हणतात, तेथेंही ‘ई’ आहे. कारण पाणी तो रोग वाहून नेतें. जन्म देणें ह्या अर्थींही वाक्य कर्तरि असेल, आई कर्त्याच्या जागीं असेल, तर ‘ई’ हवा. वाक्य कर्मणि असून ‘बाय’ ह्या शब्दानें आईचा निर्देश केला असेल, तरीही हवा. मात्र मूल जन्मलें एवढेंच सांगावयाचें असेल, अमक्या सालीं जन्मलें, अमक्या गांवीं जन्मलें, तेथें ‘ई’ गळतो. थोडक्यांत, जन्म देणारी वाक्यांत स्पष्ट उभी असेल तर ‘ई’ राहतो. ती दिसेनाशी झाली म्हणजे जातो. हा भेद फार जुना नाहीं. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत दोन्ही लेखनें कोठेंही चालत. पुढें ती वांटणी पक्की झाली. नातीच्या वाक्यांत पणजी कर्त्याच्या जागीं उभी होती. म्हणून अर्धा गुण गेला.

आतां ती जुनी रेघ. मी त्या वेळीं शाळेंत नुकता लागलों होतों. गांव पाण्याच्या दुर्भिक्षाचें. उन्हाळ्यांत विहिरी तळाला जात. आठवीच्या वर्गास ‘माझी आई’ हा निबंध घातला होता. शेवटच्या बांकावरील एका मुलानें कशीबशीं पांच वाक्यें लिहिलीं होतीं. त्यांतील तिसरें वाक्य होतें, ‘माय मदर बेअर्स वॉटर’. मीं तें भर वर्गांत मोठ्यानें वाचलें आणि विचारलें, “अरे, झाडाला फळें येतात, तसें तुझ्या आईला पाणी येतें काय?” वर्ग खो खो हंसला. तो मुलगा हळूच म्हणाला, “गुरुजी, कोशांत आहे.” मीं म्हटलें, “कोशांत असेल, भाषेंत नाहीं.” हें उत्तर मला त्या वेळीं फार आवडलें होतें. शब्द खोडून मीं वर ‘कॅरीज’ लिहिलें.

त्याची आई चार घरीं पाणी भरीत असे. डोक्यावर दोन हंडे, कमरेवर कळशी. नवरा अंथरुणाला खिळलेला. त्या चार घरांतील एक घर आमचें होतें. हें मला वर्गांत ठाऊक नव्हतें असें मुळींच नाहीं. त्याच दिवशीं संध्याकाळीं परसांतल्या रांजणांत हंडा रिकामा करतां करतां तिनें मला विचारलें, “गुरुजी, पोराचं इंग्रजी बरं हाय का?” मीं सांगितलें, “लक्ष देत नाहीं.” ती कांहीं बोलली नाहीं. चुंबळ सारखी करून दुसऱ्या खेपेला गेली.

पुढें तो मुलगा वर्षभर माझ्या तासाला बसे. कोश काढून शब्द पाहतांना तो मला पुन्हा दिसला नाहीं, आणि उत्तरासाठीं त्यानें कधीं हात वर केला नाहीं.

बऱ्याच वर्षांनीं एका इंग्रजी वर्तमानपत्रांत राशिभविष्याच्या सदरावर सहज नजर गेली. कुंभ राशीखालीं छापलें होतें, ‘वॉटर-बेअरर’. खांद्यावर घट घेतलेल्या मनुष्याचें चित्रही होतें. ‘कॅरी’ येण्यापूर्वीं इंग्रज जें म्हणत असे, तेंच त्या मुलानें लिहिलें होतें. त्याहून अधिक लाज वाटली ती मराठीची. आपण ‘पाणी भरणें’ म्हणतों, त्यांतील ‘भरणें’ हें संस्कृत ‘भरति’चेंच मराठी रूप. त्याची आई पाणी भरीत होती. त्यानें ‘भर’ला ‘बेअर’ लिहिलें. ग्रिमला जो नियम मांडण्यास मोठा ग्रंथ लिहावा लागला, तो एका पोरानें नकळत एका शब्दांत पाळला होता, आणि भृ धातूचे दोन्ही गण मुखोद्गत असलेल्या मला तो ऐकूं आला नाहीं. त्या घरांत धारण आणि पोषण दोन्ही करणारी तीच होती. माझी दुरुस्ती चुकीची नव्हती. आजच्या रूढीप्रमाणें तेथें ‘कॅरी’च हवें. पण वर्गांत मीं जें बोललों आणि रांजणापाशीं तिला जें सांगितलें, त्यांस रूढीचा आधार नाहीं.

नातीला हें सगळें सांगून झाल्यावर ती बराच वेळ वहीकडे पाहत राहिली. मग म्हणाली, “त्याचे किती गुण कापले होते तुम्ही?”

“दोन.”

तिनें पेन्सिल घेतली आणि आपल्या ‘बॉर्न’पुढें ‘ई’ लिहिला.